वरून खाली गेलेली उष्णता

लिओकादियो साल्दान्याला खरा आकडा वाचल्याबद्दल नोकरीवरून काढलं होतं. आमच्या एल तोस्तादेरो गावात आजवर पुष्कळांना नोकरीवरून काढलं गेलं आहे. कुणाला दारू पिऊन पोत्यांवर झोपल्याबद्दल, कुणाला मालकाच्या खेचरावर बसून मेहुणीच्या लग्नाला गेल्याबद्दल (तो मी). पण खरं वाचल्याबद्दल घरी पाठवलेला हा एकटाच. टेकडीवरच्या कॉफीच्या मळ्यात तो तोडणीवाल्यांची पोती तोलायचा. काटा जिथे थांबेल तिथला आकडा मोठ्याने वाचायचा. मुकादमाने त्याला तीनदा समजावलं, की काटासुद्धा दिवसभर राबून दमतो, त्याला थोडं मागे धरून वाचावं. चौथ्यांदा समजावलं नाही.

तेव्हापासून लिओकादियोला एकच धास्ती होती, की पुन्हा कुणी आपल्याला खोटा म्हणेल. मुकादमाने जाताजाता गावभर तेच सांगितलं होतं ना, की याला काटा वाचता येत नाही. आणि आमचं गाव इतकं भलं, की मुकादमासारख्या मोठ्या माणसाचा शब्द खाली पडू देणं आम्हाला बरं वाटलं नाही.

मी त्याच्या थोरल्या मुलीचा धर्मपिता, म्हणून आम्ही एकमेकांचे कोम्पाद्रे. लहानपणी एकाच ओढ्यात डुंबलो, एकमेकांना दगड मारले. पण त्या बाप्तिस्म्यानंतर तो मला ‘तुम्ही’ म्हणायला लागला आणि मीही त्याला. शिव्यासुद्धा आम्ही ‘तुम्ही’ लावूनच देतो.

आता जमिनीचं सांगतो. आमच्या चर्चच्या मागे एक उघडा माळ आहे. तिथून वाफ निघते, गंधकाचा वास येतो आणि गवत उगवत नाही. दुसऱ्या एखाद्या गावाने असल्या जागेला कुंपण घातलं असतं. आमच्या बायकांनी तिथे चुली मोडून स्वयंपाक नेला. मडकं घेवड्याने भरायचं, फडकं बांधून पुरायचं, वर दगड ठेवायचा. जागा किती तापलेली हे मोजायची आमची रीतही होती. अंडं पुरायचं आणि क्रेदोची प्रार्थना म्हणायला लागायचं. जितक्या क्रेदोंत अंडं शिजेल तितक्या क्रेदोंची ती जागा. सात क्रेदोंची जागा म्हणजे गरिबाची. चारची म्हणजे इभ्रतीची. विधवा पेत्रोनाची जागा तिच्या सांगण्याप्रमाणे तीन क्रेदोंची होती, पण ती प्रार्थना अशी म्हणायची की देवालासुद्धा मधले दोन शब्द ऐकू गेले नसतील.

यावरून भांडणं व्हायची, म्हणून बायका लिओकादियोला बोलवायच्या. तो टोपी काढून उभा राही आणि एका लयीत क्रेदो म्हणे. ना घाई, ना ढिलाई. पहिली क्रेदो आणि नववी क्रेदो, दोन्ही सारख्या लांबीच्या. पेत्रोनाची जागा त्याने मोजली तेव्हा साडेपाच भरली. तिने त्याला वर्षभर ओळख दाखवली नाही.

त्याच वर्षी राजधानीतून इंजिनिअर बाराओना आला. वीज तयार करणाऱ्यांनी त्याला पाठवला होता. जमिनीतून किती उष्णता वर येते ते बघायचं, पुरेशी असेल तर वाफेवर चालणारं वीजघर बांधायचं. वीजघर म्हणजे रस्ता, रस्ता म्हणजे बस, आणि बस म्हणजे काय ते आम्हाला नक्की ठाऊक नव्हतं, पण आमच्या खालच्या अंगाला असलेल्या लोस आनोनोस गावाला ती मिळू नये एवढं ठाऊक होतं.

आमचे मेयर रोसेन्दो इंजिनिअरला मोठ्या दिमाखाने चर्चमागच्या माळावर घेऊन गेले. म्हणाले, “बघा, इंजिनिअरसाहेब. जमीन नाही, तवा आहे. इथेच भोक पाडा.”

इंजिनिअरने नाकाला रुमाल लावला. “इथे नाही.”

“म्हणजे?”

“इथे वाफ फटीतून गळते आहे. ती कुठून वळसा घेत आली कोण जाणे. मला दगडातून झिरपत येणारी उष्णता मोजायची आहे. तिकडे, त्या गार शेतांत भोकं पाडू.”

मेयर तोंड उघडं ठेवून आमच्याकडे वळले. राजधानीत शिकलेला माणूस, उष्णता शोधायला आलेला, आणि गरम जागा सोडून गार जागेत खणणार. आम्हाला शिक्षणाबद्दल जी शंका होती ती त्या दिवशी फिटली.

यंत्र आलं. सहा भोकं पडली, प्रत्येक तीस मीटर खोल, आत लोखंडी नळी, तोंडाला लाकडी बूच. भोकातून मेणबत्तीसारखे गोल दगड निघाले. ते इंजिनिअरने केळीच्या पानांत गुंडाळून राजधानीला पाठवले. कुठला दगड किती उष्णता पलीकडे जाऊ देतो ते तिथे तपासायचं होतं म्हणे. आमच्या गावातून राजधानीला गेलेली ती पहिली वस्तू. माणसांच्या आधी दगड गेले.

मग भोकं तशीच ठेवायची होती. खणताना आतला दगड तापतो, पाण्याने निवतो, त्याला पूर्ववत व्हायला काही महिने लागतात. तोवर दर सोमवारी सकाळी दहाला कुणीतरी मोजायचं. काळ्या तारेच्या टोकाला बोटाएवढी कांडी, ती नळीत सोडायची, दर पाच मीटरवर थांबायचं, पेटीवरचा आकडा स्थिर होऊ द्यायचा आणि लिहायचा.

“सावकाश थांबू शकेल असा कुणी आहे का?” इंजिनिअरने विचारलं.

सगळ्या बायका एकदम म्हणाल्या, “लिओकादियो.” पेत्रोनासुद्धा म्हणाली, रागानेच.

असा त्याला पुन्हा आकडा वाचायचा मान मिळाला. मळ्यातून आल्यानंतर मी त्याला पहिल्यांदा हसताना पाहिलं ते त्या दिवशी. सोमवारी सकाळी तो दाढी करायचा, धुतलेला सदरा घालायचा, आणि त्या नळीच्या तोंडाशी असा वाकायचा जणू आत आजारी माणूस आहे.

इंजिनिअरने त्याला समजावलं ते मीही ऐकलं होतं. “हे बघ, लिओकादियो. गरम किती हे मला नकोय. वरचा आकडा आणि तळचा आकडा यांच्यातला फरक हवाय. तळाशी जास्त, वर कमी. जितका फरक मोठा, तितकी उष्णता जोरात वर येते.”

ऐकलं होतं म्हणतो. म्हणजे कानावरून गेलं होतं. त्या वेळी मी इंजिनिअरच्या बुटांकडे बघत होतो.

पाच महिन्यांनी आकडे स्थिर झाले. पाच मीटरवर एकतीस, तळाशी चौतीस. दर सोमवारी तेच. मेयरनी चर्चसमोरच्या बाकावर लिओकादियोला गाठलं, आजूबाजूला आम्ही दहाबारा जण.

“एकतीस?” मेयर म्हणाले. “अरे, माझ्या काखेत याहून जास्त भरेल.”

“नळीत एकतीस आहे, सेन्योर.”

“लोस आनोनोसला किती येतंय?”

“तिथलं तिथला माणूस मोजतो.”

“तो काय येडा आहे एकतीस लिहायला? तिथे पन्नास लिहीत असतील. पुढच्या आठवड्यात शेवटची वही राजधानीला जाणार. तू पन्नास लिही, बाबा. गावासाठी. तुझ्या पोरीबाळींसाठी.”

“पन्नास दिसलं की लिहितो.”

“आणि दिसलं नाही तर?”

“तर जे दिसेल ते लिहितो.”

मेयर उठून गेले. जाताना पुटपुटले, “मुकादम उगाच नाही कंटाळला.” लिओकादियोच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

आता पुढची कल्पना कुणाची, यावर गावात आजही वाद आहे. प्रत्येकजण म्हणतो, दुसऱ्याची. मी एवढंच सांगतो की ती मांडली लिओकादियोच्या बायकोने, निन्या त्रान्सितोने (बाईला मानाने आम्ही ‘निन्या’ म्हणतो), आणि आम्ही सगळ्यांनी तिचं डोकं वाखाणलं.

ती म्हणाली, “माझा नवरा दिसेल ते लिहिणार ना? मग दिसू दे की त्याला. तो खोटं बोलायचा नाही, आणि आपण त्याला खोटं बोलायला सांगायचंच नाही. भोकं गरम करू. मग तो खरंच लिहील.”

इतकी नीतिमान योजना मी उभ्या आयुष्यात ऐकली नव्हती.

रविवारी दहाला पाद्रे इलारियो चर्चमध्ये मिस्सा, म्हणजे सामुदायिक प्रार्थना, चालवायचे. लिओकादियो एकही मिस्सा चुकवायचा नाही, म्हणजे तो चर्चमध्ये अडकलेला. आदल्या दिवशीच आम्ही माळावर घागरी पुरून ठेवल्या होत्या. लाकूड कोण जाळणार? जमिनीच्याच उष्णतेवर पाणी उकळलं, उपसलं, खांद्यावर घेतलं, शेतात नेलं आणि बुचं काढून जमिनीतच ओतलं. पृथ्वीची उष्णता काढून पृथ्वीलाच पाजायला अख्खं गाव घाम गाळत होतं. चर्चमधून घंटा ऐकू आली की बायका छातीवर क्रूस करायच्या आणि पुन्हा ओतायला लागायच्या. मिस्सा संपेस्तोवर आम्ही ओतत होतो. मग बुचं बसवली, आसपासची ओली माती पायांनी सारखी केली आणि घरी जाऊन दमलेल्या भाविकांसारखे आडवे झालो.

सोमवारी दहाला लिओकादियोने कांडी सोडली. मी सहज आल्यासारखा जवळच उभा होतो.

पाच मीटरवर थांबला. पेटीकडे बघितलं. पुन्हा बघितलं. कांडी वर ओढून सदऱ्याला पुसली, पुन्हा सोडली.

“किती, कोम्पाद्रे?” मी विचारलं.

“एकेचाळीस.”

“वा! देवाची कृपा!”

त्याने कांडी आणखी खाली सोडली. दहा मीटर, पंधरा, वीस. जसजसा खाली जाई तसतसा आकडा उतरत होता. तळाशी चौतीस. त्याने वहीत लिहिलं, पेन्सिल कानाला लावली आणि किती तरी वेळ त्या भोकाकडे बघत बसला.

“कोम्पाद्रे,” तो शेवटी म्हणाला, “आपल्या गावात उष्णता वरून खाली चालली आहे.”

“गरम आहे ना? मग झालं,” मी म्हणालो. वरून काय, खालून काय. मला त्यात काय वावगं आहे ते कळेना.

मंगळवारी सकाळी नऊला इंजिनिअर वही घ्यायला आला. उघडली, वाचली, आणि बाकावरून उठला.

“लिओकादियो, हे काय? वही उलटी धरून लिहिलीस काय?”

“नाही, साहेब.”

“वर एकेचाळीस, तळाशी चौतीस? सहाही भोकांत? म्हणजे सूर्याने तापवून तापवून पृथ्वी वरून शिजवली का? वीस वर्षं हे काम करतोय, असा आकडा पाहिला नाही.” मग आवाज खाली आणला. “हे बघ, चूक होते माणसाच्या हातून. इथे लिही, की सोमवारचे आकडे मी चुकीचे वाचले. सही कर. मी मागच्याच सोमवारचे धरतो, कुणाला काही कळणार नाही, तुझं कामही राहील.”

आम्ही चौकात पाचपन्नास माणसं होतो. लिओकादियोला फक्त सही करायची होती. केली असती तर काम राहिलं असतं, गाव सुटलं असतं, मी सुटलो असतो. नाही केली तर काम गेलं. आणि या वेळी तर मुकादम नव्हे, राजधानीचा शिकलेला माणूस कागदावर लिहिणार होता, की याला वाचता येत नाही.

“मी बरोबर वाचलं, साहेब,” तो म्हणाला. “का तसं आलं ते मला माहीत नाही. पण नळीत एकेचाळीसच होतं. दहा वाजायला आलेत. चला, तुम्हीच कांडी सोडा.”

इंजिनिअर चिडला खरा, पण गेला. कांडी स्वतः सोडली. पाच मीटरवर छत्तीस.

“बघ! एकेचाळीस कुठे आहे?”

“काल होतं. आज छत्तीस आहे. हेही लिहून ठेवू या,” लिओकादियो म्हणाला, आणि लिहिलं. “छत्तीससुद्धा जास्तच आहे, साहेब. एकतीस हवं होतं. उद्याही बघा. नाहीतर खोटं कोण बोललं ते कधीच कळायचं नाही.”

इंजिनिअर मेयरच्या घरी राहिला. मेयरनी त्याच्यासाठी कोंबडी कापली, आणि कोंबडी इतकी जिव्हाळ्याने वाढली की माझ्यासारख्याला तिथेच संशय आला असता. बुधवारी दहाला वर चौतीस आणि थोडं. गुरुवारी साडेतेहतीस. इंजिनिअरने कागदावर आडव्या-उभ्या रेघा मारल्या आणि शीळ घालायला लागला. शीळ घालणारा इंजिनिअर फार वाईट.

गुरुवारी संध्याकाळी पाचला त्याने सगळ्यांना चौकात बोलावलं. पाद्रे इलारियोही येऊन उभे राहिले.

“तुमची मक्याची तोर्तिया तव्यावरून काढल्यावर गार होते ना, तशी ही नळी गार होते आहे,” इंजिनिअर म्हणाला. “सोमवारी दहा अंश जास्त. मंगळवारी पाच. बुधवारी तीन आणि थोडं. गुरुवारी अडीच. म्हणजे दुसऱ्या दिवशी अर्धं, तिसऱ्या दिवशी एक तृतीयांश, चौथ्या दिवशी पाव. अशी उष्णता ओसरते तेव्हा ती कधी शिरली ते मागे मोजता येतं. ती सोमवारच्या मोजणीच्या बरोबर एक दिवस आधी शिरली आहे. रविवारी. सकाळी दहाच्या सुमाराला. कुणीतरी वरून गरम पाणी ओतलंय.”

मग मेयर छाती पुढे काढून म्हणाले, “अशक्य. रविवारी दहाला अख्खं गाव मिस्सेत असतं. पाद्रेंना विचारा.”

साठ वर्षांत मी पुष्कळ मूर्ख वाक्यं ऐकली आणि त्यांतली निम्मी मीच बोललो. पण याची बरोबरी नाही.

पाद्रे हळूच पुढे आले. “गेल्या रविवारी,” ते म्हणाले, “माझ्यासमोर तीन जण होते. दोन म्हाताऱ्या, ज्यांना ऐकू येत नाही. आणि लिओकादियो. मला वाटलं, माझ्या प्रवचनाला लोक कंटाळले. चार रात्री मी त्या दुःखात झोपलो नाही.” ते एकेकाकडे बघत गेले. “बरं वाटलं. म्हणजे प्रवचनात काही खोट नव्हती.”

पुढच्या रविवारी प्रवचन दोन तास चाललं. विषय पाण्याचा होता.

इंजिनिअर लिओकादियोकडे आला. पहिल्यांदाच त्याने टोपी काढली. “माफ कर. तू अचूक वाचलंस. आता ते सोमवारपासूनचे आकडे खोडून टाक, म्हणजे वही स्वच्छ होईल.”

“खोडू कशाला? ते खरे आहेत.”

“अरे, पण ते पृथ्वीचे नाहीत, घागरींचे आहेत!”

“मग तसं लिहितो,” लिओकादियो म्हणाला. बाकावर बसला, पेन्सिल जिभेला लावली आणि आमच्याकडे मान वर केली. “कुणी किती ओतलं? भोक क्रमांक एक.”

आम्ही एकमेकांच्या मागे लपायला लागलो. पन्नास माणसं आणि मागे लपायला एक आंब्याचं झाड.

“कोम्पाद्रे, तुम्ही?”

“दोन घागरी,” मी म्हणालो.

“दोन?”

“तीन.” त्या माणसाच्या डोळ्यांसमोर एक घागर लपवणं मला जमलं नाही.

त्याने लिहिलं. मग पेत्रोना, मग मेयर. मेयरनी स्वतः ओतलं नव्हतं, म्हणून त्यांनी मोठ्या अभिमानाने तसं सांगितलं. तर लिओकादियोने लिहिलं, ‘मेयर रोसेन्दो, देखरेख.’ शेवटी तो बायकोसमोर थांबला. निन्या त्रान्सितो कंबरेवर हात ठेवून उभी होती.

“माझंही नाव राजधानीला धाडणार तू?”

“ओतलंस ना?”

“तुझ्यासाठी ओतलं, मेल्या! तुझं काम राहावं म्हणून!”

“माहीत आहे,” तो म्हणाला. “किती?”

तिने तोंड फिरवलं. त्याने मनाशी अंदाज केला आणि लिहायला लागला, “त्रान्सितो साल्दान्या, तीन घा...”

“पाच!” ती ओरडली. “पाच ओतल्या मी, त्यातल्या दोन त्या टेकाडापलीकडच्या भोकात! लिहायचंच आहे तर नीट लिही!”

त्याने तीनचे पाच केले. वहीत खाडाखोड झाली ती तेवढीच. तिने आठ दिवस त्याला गार घेवडा वाढला, आणि तो प्रत्येक घासाला ‘छान झालाय’ म्हणून जेवला. त्याच्या आयुष्यातलं खोटं काय ते एवढंच.

वीजघर लोस आनोनोसला झालं. तिथे तळचा आकडा वरच्यापेक्षा चौदा अंशांनी जास्त होता. आमच्या माळावरची वाफही तिकडूनच फटीफटीतून वळसा घेत येते असं निघालं. म्हणजे पिढ्यान् पिढ्या आम्ही घेवडा शिजवला तो त्यांच्या उष्णतेवर. हे कळल्यावर लोस आनोनोसचे लोक आमच्याकडे बघताना जे तोंड करतात, ते मी इथे लिहून दाखवू शकत नाही. लिओकादियोला तिथल्या मोजणीचं काम मिळालं. बावीस वर्षं तो रोज दीड तास चालत तिकडे जायचा आणि दीड तास चालत यायचा. बस होती, पण ती लोस आनोनोसपर्यंतच.

मेयर म्हातारे झाल्यावर एकदा आम्ही तिघे बाकावर बसलो होतो. इतक्या वर्षांनीही त्यांना राहवलं नाही.

“लिओकादियो, आता खरं सांग. पाणी कसं ओतायला हवं होतं?”

लिओकादियोने बोटांवर काहीतरी मोजलं. “रबरी नळी तळापर्यंत सोडून. हळूहळू. आणि चार दिवस, एकच दिवस नाही.”

मेयर ताडकन उठले. “मग तेव्हा का नाही सांगितलंस, मेल्या?”

“विचारलंत कुठे?” लिओकादियो म्हणाला. “पन्नास लिही म्हणालात. कसं ओतू असं विचारलं असतंत तर सांगितलं असतं.” मग, अगदी प्रामाणिकपणे, “आणि सोमवारी वहीत लिहिलंही असतं.”